माजोर्ड्याच्या मास्तरांची गुरुपौर्णिमा

आषाढी पौर्णिमा जवळ आली की नाशिकच्या इंदिरानगरात संध्याकाळी वेगळीच लगबग सुरू होते. रथचक्र चौकापासून वडाळा-पाथर्डी रस्त्यापर्यंत आणि पलीकडे राणेनगरकडे कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या हॉलमधून पेटीचे सूर येतात. गाण्याच्या, तबल्याच्या, कीबोर्डच्या क्लासांची गुरुपौर्णिमेची तालीम चाललेली असते. पालक डब्यांत पेढे आणि पिशव्यांत शाल-श्रीफळ घेऊन येतात, मुले गुरूंच्या पाया पडतात, आणि वर्षभर शिकलेले चार राग, दोन गाणी लोकांपुढे सादर होतात. आपल्या शहरात हा सण असा सुरांनी साजरा होतो, याचा आनंद आहे.

नाशिकला तर त्याचा हक्कच आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ साली ते मुंबईत आणले आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात नाशिकला रामनाम आधार आश्रम उभारला. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राबल्यावर कधीतरी हाती लागणारी विद्या त्यांनी वर्गात आणली. तिला अभ्यासक्रम दिला, परीक्षा दिली, कागदावर लिहिता येईल अशी स्वरलिपी दिली. आज इंदिरानगरातली आठवीतली मुलगी ‘प्रवेशिका पूर्ण’ची तयारी करते, ती या माणसाच्या खटपटीमुळे. म्हणूनच बहुतेक क्लासांत त्यांची तसबीर असते.

यंदा त्या तसबिरीशेजारी आणखी एका शिक्षकाला जागा द्यावी, असे आम्हाला मनापासून वाटते. त्यांचे नाव उभ्या महाराष्ट्राला पाठ आहे. वरातीतल्या बँडवाल्यांना ते माहीत आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलांना माहीत आहे. ते नाव अँथनी गोन्साल्विस.

१९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला. भल्यामोठ्या ईस्टरच्या अंड्यातून उंच हॅट घातलेले अमिताभ बच्चन बाहेर पडतात, इंग्रजीत काहीतरी अगडबंब बडबडतात आणि मग किशोरकुमारांच्या आवाजात आपले नाव सांगतात. थिएटर डोक्यावर घेणारा तो प्रसंग. त्या पात्राचे आडनाव आधी वेगळे ठरले होते, ते गाण्यात नीट बसेना, तेव्हा संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचे नाव सुचवले, असे सांगितले जाते. शिष्याने गुरूला वाहिलेली ही दक्षिणा होती. पण झाले असे, की नाव अजरामर झाले आणि माणूस मागे राहिला. ऐकणाऱ्या कोट्यवधींना तो पटकथाकाराच्या कल्पनेतला कोणी गमत्या वाटला. प्रत्यक्षात अँथनी गोन्साल्विस नावाचे संगीतरचनाकार, वादक आणि शिक्षक १८ जानेवारी २०१२ पर्यंत हयात होते आणि अखेरची वर्षे गोव्यात शांतपणे राहत होते.

त्यांचा जन्म १९२७ सालचा, दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा या किनाऱ्यावरच्या गावातला. वडील गावच्या चर्चमधल्या गायकवृंदाचे प्रमुख होते. हे समजून घ्यायला गोव्यातली एक जुनी व्यवस्था माहीत असायला हवी. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चना जोडून शाळा होत्या. तिथे लहान मुलांना अक्षरओळखीबरोबरच स्वर वाचायला शिकवत. हेतू साधा होता, रविवारच्या प्रार्थनेला गाणारी-वाजवणारी मुले तयार व्हावीत. पण त्यामुळे घडले विलक्षण. ज्या काळात मुंबई-पुण्याकडे संगीत ही घराण्यांच्या आत जपलेली गोष्ट होती, त्या काळात गोव्यातल्या शेतकऱ्या-मच्छीमाराचा मुलगा दहाव्या वर्षी पाश्चात्त्य नोटेशन वर्तमानपत्रासारखे घडाघडा वाचत होता आणि व्हायोलिनवर वाजवत होता. पलुस्करांनी जे काम एकट्याच्या जिद्दीने आरंभले, ते गोव्यातल्या या अनाम संगीतशिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या केले होते. दोघांनीही सूर लिहिता-वाचता येण्याजोगा केला. त्या शिक्षकांचे ऋण मात्र आपण अजून नीट मान्य केलेले नाही.

गावात शेती थोडी, हाताला काम नाही. मग ही मुले आगबोटीने, रेल्वेने मुंबईला यायची. धोबीतलावला जेर महालसारख्या इमारतींत गोव्याच्या एकेका गावाचे ‘कूड’ असायचे. एका खोलीत रांगेने ट्रंका, भिंतीवर देवाची तसबीर, आणि गावचा माणूस म्हणून नाममात्र भाड्यात पाठ टेकायला जागा. कोणी आचारी व्हायचा, कोणी बोटीवर जायचा, आणि ज्याच्या हातात वाद्य होते तो बँडमध्ये शिरायचा.

त्या वेळी मुंबईत जॅझचा जमाना होता. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन व्हायोलिनवादक कृष्णवर्णीय कलावंतांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागून टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. अमेरिकेत वर्णद्वेषाने पिचलेल्या या कलावंतांनी गोव्याच्या पोरांना शेजारी बसवून वाजवायला लावले, हे मुंबईच्या संगीताच्या इतिहासातले फार मोलाचे पान आहे. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी पुस्तकात ते प्रेमाने नोंदवले आहे. मराठीत असे पुस्तक व्हायला हवे होते.

या सोबतीतून गोवेकरांना मिळाली ती उपज. चर्चच्या शाळेने कागदावरचे वाचायला शिकवले होते, जॅझने कागद बाजूला ठेवायला शिकवले. जॅझमध्ये सगळे वादक आधी मिळून एक धून वाजवतात. मग बारा किंवा बत्तीस बारांचे आवर्तन तसेच फिरत राहते आणि त्यावर एकेक वादक आपापले, तिथल्या तिथे सुचलेले वाजवून घेतो. शेवटी पुन्हा सगळे धुनेवर येतात. ख्याल ऐकणाऱ्याला हे परके वाटू नये. आपला गवई बंदिशीचा मुखडा पकडून आलाप-तानांची वाट धरतो आणि समेवर परततो, त्यातलेच हे नाते. फरक इतकाच, की आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो. जॅझमध्ये पायाखालची कॉर्ड दर एक-दोन बारांना बदलते, आणि त्या हलत्या जमिनीवर तोल सांभाळत नवे सुचावे लागते. दोन्हीकडे शिस्त कडक आणि मोकळीक अपार.

ही मोकळीक ज्यांच्या अंगी भिनली त्यांतले एक बार्देशातल्या हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखे, आणि त्यांच्या ट्रम्पेटमुळे मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणूनही. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्यात जन्मलेले आपले रामचंद्र नरहर चितळकर, यांनी या माणसाला हाताशी धरले. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. एक नगर जिल्ह्यातला संगीतकार, एक गिरणगावात वाढलेला मराठी नट-दिग्दर्शक आणि एक गोव्याचा ट्रम्पेटवादक. त्या गाण्यांवर आजही नाशिकच्या लग्नात आजी-आजोबा उठून नाचतात. ते जॅझच्या बोटाला धरून नाचत आहेत, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

अँथनी गोन्साल्विस मुंबईला आले ते १९४३ साली, सोळाव्या वर्षी. नौशाद यांच्या वाद्यवृंदात ते व्हायोलिन वाजवू लागले. ते स्वतः जॅझचे नव्हते, त्यांची ओढ सिम्फनीकडे होती. पण ज्या स्टुडिओत त्यांचे दिवस जात तिथले अर्धे सहकारी रात्री हॉटेलांत जॅझ वाजवून सकाळी ध्वनिमुद्रणाला येत. त्याच स्टुडिओत सारंगी, सतार, बासरी, तबला घेऊन बसलेले हिंदुस्थानी वादकही असत. बहुतेक गोवेकर आपला भाग वाजवून बिदागी घेऊन निघून जात. गोन्साल्विस थांबले. रागसंगीत काय आहे, एखादा स्वर चढताना वेगळा आणि उतरताना वेगळा का लागतो, हे त्यांनी हिंदुस्थानी वादकांच्या जवळ बसून समजून घेतले.

या स्टुडिओतले काम कसे चालायचे, ते नीट पाहिले की या माणसांची थोरवी कळते. संगीतकार पेटीवर चाल सांगे. समोर बसलेला संयोजक ती जागच्या जागी कागदावर उतरवून घेई. चाल ही फार तर दीड मिनिटांची, ध्रुपद आणि एक अंतरा. तबकडीवरचे गाणे मात्र सव्वातीन मिनिटांचे. उरलेला काळ कशाने भरायचा, हे संयोजक ठरवी. गाणे कोणत्या वाद्याने उघडायचे, दोन कडव्यांमधला पीस कसा बांधायचा, गायिका एक ओळ म्हणत असताना मागून व्हायोलिनांनी दुसरी कोणती ओळ गायची, सेलोने कुठे आधार द्यायचा, हे सगळे तो लिही. मग वीस-पंचवीस व्हायोलिनवाद्यांसाठी त्याच्या प्रती निघत, आणि त्या प्रती समोर येताच गोव्याची मंडळी पहिल्याच नजरेत वाजवून मोकळी होत. कधी एखादी जागा मोकळी ठेवलेली असे, दोन ओळींमध्ये चार मात्रांची. तिथे ट्रम्पेटने किंवा सॅक्सोफोनने स्वतःच्या मनाचे काही भरायचे. रात्रभर ताजमध्ये मुक्तपणे वाजवणाऱ्या कलावंताला दिवसा तेवढाच अवकाश मिळे, आणि तो त्याचे सोने करी.

तबकडीच्या चकतीवर चित्रपटाचे नाव छापले जाई, गायकाचे जाई, संगीतकाराचे जाई. संयोजकाचे नसे. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत फार तर ‘सहायक’ म्हणून एक ओळ. शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांत तशी दोन नावे दिसतात, दत्ताराम आणि सॅबॅस्टियन. दत्ताराम म्हणजे दत्ताराम वाडकर, ज्यांच्या ढोलकाच्या ठेक्याला वादक आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात. सॅबॅस्टियन डिसोझा हे गोव्याचे, फाळणीपूर्वी लाहोरला बँड चालवणारे. शंकर-जयकिशनचा तो भव्य, लाटेसारखा उसळणारा वाद्यवृंद ज्यांच्या लेखणीतून आला, त्यांना ‘सहायक’ म्हणणे हा अन्यायच होता. आम्हाला त्यासाठी दुसरा सौम्य शब्द सापडत नाही.

गोन्साल्विस यांच्या घरी, वांद्र्याला, मुलांना शिकवणी चाले. तिथे येणाऱ्यांत प्यारेलाल शर्मा होते आणि राहुलदेव बर्मनही. प्यारेलाल यांचे वडील पं. रामप्रसाद शर्मा स्वतः नामांकित ट्रम्पेटवादक आणि शिक्षक, अनेक स्टुडिओ वादकांना त्यांनी नोटेशन शिकवलेले. तरी मुलाच्या व्हायोलिनसाठी त्यांनी गोन्साल्विस यांचे दार दाखवले. एका गुरूने दुसऱ्या गुरूवर एवढा भरवसा टाकावा, यातच सर्व आले.

या शिकवणीचे फळ कुठे दिसते? गेल्या गुरुपौर्णिमेला इंदिरानगरातल्या एका कार्यक्रमात अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा कीबोर्डवर ‘शोर’ चित्रपटातले ‘एक प्यार का नगमा है’ वाजवायला बसला. निवेदिकेने सांगितले, गीत संतोष आनंद, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, गायक लता मंगेशकर आणि मुकेश. मुलाने व्हायोलिनचा टोन लावला, डोळे बारीक केले आणि सुरुवातीचा तो पीस वाजवला. टाळ्या तिथेच पडल्या, गाण्याची चाल सुरू होण्याआधी. सभागृहातल्या प्रत्येकाने गाणे ओळखले ते त्या व्हायोलिनच्या तुकड्यावरून. पीस संपून चाल लागली तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, कारण अवघड भाग संपला होता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीत वाद्यवृंदाचे लेखन मुख्यतः प्यारेलाल सांभाळत, आणि प्यारेलाल यांचा व्हायोलिनचा हात माजोर्ड्याच्या मास्तरांनी घडवला. त्या संध्याकाळी नाशिकच्या त्या मुलाच्या बोटांत गुरूचे गुरू वाजत होते. सभागृहात त्यांचे नाव कोणी घेतले नाही, कारण कोणाला ते ठाऊकच नव्हते. यात निवेदिकेचा दोष नाही. तिच्या हातातल्या कागदावर ते नाव कधी आलेच नव्हते.

गोन्साल्विस यांचे मोठे स्वप्न मात्र चित्रपटाबाहेरचे होते. एप्रिल १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी आपला भारतीय सिम्फनी वाद्यवृंद उभा केला. एकशे दहा वादक. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. सादर झाल्या त्या गोन्साल्विस यांच्या स्वतःच्या रचना, त्यांच्या रागसंगीताच्या अभ्यासातून आलेल्या. ‘सोनाटिना इंडियाना’ हे त्यांतले एक नाव, सारंग रागावर बांधलेला कॉन्चेर्टो हे दुसरे. हे काम किती कठीण, याची कल्पना यावी. राग एका रेषेत चालतो, एकट्याच्या गळ्यातून उलगडतो. सिम्फनीत एकाच क्षणी अनेक वेगवेगळ्या ओळी वाजतात आणि एकमेकींना अर्थ देतात. सारंगात वर्ज्य असलेला स्वर मागच्या कॉर्डमध्ये डोकावला, तर राग तिथेच भंगतो. ती कॉर्ड टाळावी, तर वाद्यवृंद ओका वाटतो. या पेचातून रस्ता काढायला दोन्ही विद्या मुळापासून यायला लागतात. तिशी-एकतिशीच्या एका गोवेकराने ते धाडस केले, आणि लताबाईंसारख्या गायिकेने त्यासाठी उभे राहावे इतका त्यांच्यावर विश्वास होता.

प्रयोग पुढे रुजला नाही. असा वाद्यवृंद उभा ठेवायला राजाश्रय लागतो किंवा नियमित तिकीट काढणारा श्रोता तरी, आणि दोन्ही नव्हते. १९६५ साली गोन्साल्विस न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. परतल्यावर त्यांनी चित्रपटसृष्टीकडे पाठ फिरवली आणि माजोर्डा गाठले. मराठीतले ज्येष्ठ चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, ही आपल्या बाजूने झालेली दखल. ती एकाकी राहू नये.

जॅझचेही मुंबईत असेच झाले. दारूबंदीने हॉटेलांतले बँड मोडले, वादक स्टुडिओत विखुरले. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरली, सनी रॉलिन्ससारखा दिग्गज वाजवून गेला, ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर रागांचे स्वर जॅझमध्ये आणले. पण तोवर सामान्य मराठी श्रोत्याच्या लेखी जॅझ म्हणजे दक्षिण मुंबईतल्या मूठभरांचा शौक झाला होता. आपल्याच भावगीतांत, आपल्याच चित्रपटगीतांत त्याचा अंश आहे, हे कोणी त्याला सांगितले नाही.

मराठी गाण्यातही हा अनुशेष आहे. गीतरामायणात आणि बाबूजींच्या कितीतरी गाण्यांत प्रभाकर जोगांचे व्हायोलिन आहे. त्यांच्या ‘गाणाऱ्या व्हायोलिन’ने निदान त्यांचे नाव लोकांपर्यंत नेले. पण अनिल मोहिले, श्यामराव कांबळे, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांनी भावगीतांना जी वस्त्रे चढवली, ती आपण रोज पाहतो आणि शिंप्याचे नाव विचारत नाही.

एक गोष्ट क्लासचालकांशीही बोलायची आहे, आणि ती आदराने. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळतात. त्यामुळे क्लास भरले, हे चांगलेच झाले. पण परीक्षेची तयारी म्हणजे ठरलेला आलाप, ठरलेल्या ताना, वहीत लिहून घोटलेल्या. कीबोर्डची परदेशी परीक्षा देणारी मुले तर छापील पानाबाहेर बोटही ठेवत नाहीत. विशारद झालेल्या मुलाला यमनात स्वतःची चार आवर्तने सुचवायला सांगितले की तो गडबडतो, आणि उत्तम नोटेशन वाचणाऱ्या मुलीला तीन कॉर्डवर काहीही वाजव म्हटले की ती रडवेली होते. दोन्ही मुलांत गुण आहेत. त्यांना चुकण्याची परवानगी कोणी दिलेली नाही. गोव्याच्या त्या वादकांकडे लिखित शिस्त आणि क्षणात सुचलेले वाजवण्याचे धैर्य, दोन्ही एकाच हातात होते, म्हणून त्यांनी हिंदी चित्रपटसंगीताचा आवाज घडवला. आठवड्यातला एक तास जरी वही मिटून ठेवली, तबलावाल्या मुलाने ठेका धरला, आणि बाकीच्यांना आळीपाळीने स्वतःचे वाजवायला लावले, तरी वर्षभरात फरक दिसेल. बेसूर होईल, होऊ द्यावे.

आणि दुसरी विनंती नाशिकच्या आयोजकांना. महाकवी कालिदास कलामंदिरात आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृहात जुन्या गाण्यांचे कार्यक्रम होतात, लोक तिकीट काढून येतात. गीतकार, संगीतकार, गायक यांची नावे सांगितली जातात. तिथे संगीत संयोजकाचे नाव सांगायला सुरुवात करा. वाद्यांचे मुख्य तुकडे कोणी वाजवले हे माहीत असेल, तर तेही सांगा. समोर प्रत्यक्ष वाजवणाऱ्या स्थानिक वादकांची ओळख मध्यंतरानंतर घाईघाईत उरकू नका, पहिल्या गाण्याआधी करून द्या. खर्च एका पैचाही नाही. २०२७ साल अँथनी गोन्साल्विस यांच्या जन्मशताब्दीचे आहे. त्या वर्षी नाशिककरांनी एक संध्याकाळ त्यांच्या नावाने ठेवावी. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांची गाणी तिथे वाजावीत, सारंगातल्या त्या कॉन्चेर्टोची गोष्ट मुलांना सांगितली जावी, आणि ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ वाजण्याआधी निवेदकाने हे नाव कोणाचे ते सांगावे.